तिसरा उमेदवार आणि निवडणूक निर्णय अधिकारी : काशीच्या निमित्ताने

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. एवढ्या मोठ्या आणि विविधतेने भरलेल्या देशात निवड करायची ती दोनच पक्षांच्या उमेदवारांतून. मग आपली भारतीय व्यवस्था अधिक खुली नाही का? आपल्याकडे तर कोणीही उठावे, अर्ज भरावा आणि थेट पंतप्रधानांविरुद्ध उभे राहावे! या प्रश्नामागे अभिमान असतो आणि तो काही अंशी रास्तही आहे. परंतु ज्याने प्रशासनात राहून निवडणुका घेतल्या आहेत, त्याला या प्रश्नाची दुसरी बाजू आधी दिसते. अर्ज कोणीही भरू शकतो हे खरे. पण तो स्वीकारतो कोण, कोणत्या कारणाने नाकारतो, आणि नाकारल्यास दाद कोठे मागायची? पक्षाबाहेरच्या माणसाचे लोकशाहीतील स्थान या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. जिंकण्या-हरण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे उत्तर प्रदेशात गेली. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून अर्ज स्वीकारण्याचे आणि छाननीचे कामही मी केले आहे. म्हणून या विषयाकडे मी वाराणसीच्या, म्हणजे आपल्या काशीच्या, निमित्ताने पाहणार आहे. भारतात राष्ट्रप्रमुखाची थेट निवडणूक नाही. पण २०१४ पासून वाराणसीतून निवडून आलेली व्यक्तीच देशाची पंतप्रधान झाली आहे आणि तेथील मतदार आपण पंतप्रधान निवडतो आहोत याच भावनेने मतदान करतो. अमेरिकी अध्यक्षीय लढतीच्या सर्वांत जवळ जाणारा मतदारसंघ आपल्याकडे शोधायचा झाला तर तो हाच.

आधी अमेरिकेचा इतिहास थोडक्यात पाहू. १९१२ मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना रिपब्लिकन पक्षाने उमेदवारी दिली नाही, तेव्हा ते प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे उभे राहिले. त्यांना सुमारे २७ टक्के मते आणि निर्वाचक मंडळातील ८८ मते मिळाली. पदावर असलेले अध्यक्ष टॅफ्ट तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि निर्वाचक मंडळात त्यांना अवघी ८ मते पडली. फूट रिपब्लिकनांत पडली, लाभ डेमोक्रॅटिक पक्षाच्या विल्सन यांना झाला. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेतील पाच राज्ये जिंकून निर्वाचक मंडळात ४६ मते मिळवली. त्यांचा पाया वर्णद्वेषाच्या राजकारणाचा होता हेही नोंदवले पाहिजे, कारण बाहेरचा उमेदवार म्हणजे चांगलाच उमेदवार असे मुळीच नाही. १९९२ मध्ये उद्योगपती रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के लोकांनी मते दिली, पण निर्वाचक मंडळात त्यांची पाटी कोरी राहिली. २००० मध्ये फ्लोरिडात बुश आणि गोर यांच्यात ५३७ मतांचे अंतर होते, तर ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना त्याच राज्यात ९७,४८८ मते होती. त्या दिवसापासून नेडर यांच्यावर ‘मते खाणारा’ हा शिक्का बसला तो कायमचा. काशीच्या पानाच्या टपरीवर अशा उमेदवाराला ‘वोटकटवा’ म्हणतात. शब्द निराळा, राग तोच.

पण अमेरिकेतील तिसऱ्या उमेदवाराची खरी लढाई मतदानाच्या कितीतरी आधी सुरू होते. तेथे मतपत्रिकेवर नाव येण्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. किती मतदारांच्या सह्या हव्यात, त्या कोणत्या तारखेपर्यंत गोळा करायच्या, पत्ता कोणता द्यायचा, हे सारे राज्याचे विधिमंडळ ठरवते आणि विधिमंडळे त्याच दोन पक्षांच्या हातात असतात. १९८० मध्ये जॉन अँडरसन अपक्ष म्हणून उभे राहिले तेव्हा ओहायो राज्याची मुदत २० मार्चला संपत होती. मतदान मात्र नोव्हेंबरात होते! ही मुदत घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९८३ मध्ये. २०२४ मध्ये रॉबर्ट केनेडी (कनिष्ठ) यांचे नाव न्यूयॉर्क राज्यात अर्जावरील पत्त्याच्या वादात मतपत्रिकेबाहेर राहिले. थोडक्यात, ज्यांच्याशी लढायचे तेच दाराचे नियम करतात.

भारतात तसे नाही, हे आपले भाग्य. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ हा संपूर्ण देशाला एकच. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत लोकसभेसाठी अर्जाचा नमुना एक, अनामत रक्कम एक, मुदत ठरवणारा आयोग एक. शिवाय ‘बाहेरचा’ या शब्दाचे जे दोन अर्थ आहेत, पक्षाबाहेरचा आणि परगावचा, त्यांपैकी दुसऱ्याची कायद्याला अडचणच नाही. देशातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असलेला नागरिक, वय २५ पूर्ण असेल आणि अन्य अपात्रता नसेल, तर सर्वसाधारण जागेसाठी कोठूनही उभा राहू शकतो. काशीला तर बाहेरच्यांचे वावडे कधीच नव्हते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा घाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतूनच बाबूराव विष्णू पराडकर यांच्यासारखा हिंदी पत्रकारितेचा अध्वर्यू निघाला, ‘आज’ या दैनिकाचा संपादक झाला आणि काशीचा मानला गेला.

मतदार म्हणूनही काशी कोणा एकाची बांधील राहिलेली नाही. १९५२, १९५७ आणि १९६२ मध्ये काँग्रेसचे रघुनाथ सिंह येथून निवडून आले. १९६७ मध्ये याच धर्मनगरीने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सत्यनारायण सिंह यांना लोकसभेत पाठवले, ही गोष्ट आज सांगितली तर अनेकांना खरी वाटत नाही. १९७७ मध्ये जनता पक्ष, १९८० मध्ये कमलापती त्रिपाठी, १९८९ मध्ये जनता दलाचे अनिल शास्त्री, तर १९९१ मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे राज्याचे निवृत्त पोलीस महासंचालक श्रीशचंद्र दीक्षित. इतकी वळणे घेतलेले मतदारसंघ फार नसतील.

याच जिल्ह्यातील गंगापूरचे राजनारायण. समाजवादी चळवळीतला हा फटकळ, अघळपघळ माणूस १९७१ मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधींविरुद्ध उभा राहिला आणि एक लाखाहून अधिक मतांनी पडला. बलाढ्य नेत्याच्या मतदारसंघात जाऊन उभे राहण्याची परंपरा उत्तर प्रदेशात जुनीच होती. १९६२ मध्ये राममनोहर लोहिया फुलपूरमध्ये नेहरूंविरुद्ध लढले होते. पण राजनारायण यांनी हरल्यावर निवडणूक याचिका दाखल केली. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ती निवडणूक रद्द ठरवली. आम्हा प्रशासकीय अधिकाऱ्यांनी त्या निकालातील दोन कारणे पाठ करून ठेवावीत अशी आहेत. एक, शासकीय सेवेत असलेल्या अधिकाऱ्याची प्रचारासाठी मदत घेतली गेली. दुसरे, सभांची व्यासपीठे, ध्वनिक्षेपक आणि वीज यांची व्यवस्था राज्याच्या अधिकाऱ्यांनी केली. म्हणजे ज्या निकालाने देशाचा इतिहास बदलला त्याच्या मुळाशी सरकारी नोकराची निःपक्षता होती. पुढे आणीबाणी आली आणि १९७७ मध्ये रायबरेलीतच राजनारायण ५५ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. १९८० मध्ये मात्र स्वतःच्या काशीत कमलापती त्रिपाठींकडून ते हरले. बाहेरच्या उमेदवाराचे कर्तृत्व त्याच्या विजयांच्या संख्येवर मोजू नये, ते या कारणाने.

आता २०१४ कडे येऊ. नरेंद्र मोदी वाराणसीतून उभे राहिले आणि त्यांच्याविरुद्ध अरविंद केजरीवाल आले. आम आदमी पक्ष तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा होता. दोघेही परगावचे, आणि एक जण तर प्रस्थापित पक्षव्यवस्थेच्याही बाहेरचा. १२ मे रोजी मतदान झाले. मोदींना ५,८१,०२२, केजरीवाल यांना २,०९,२३८ आणि काँग्रेसचे स्थानिक उमेदवार अजय राय यांना ७५,६१४ मते मिळाली. एकूण उमेदवार होते ४२, आणि पहिले दोघे सोडून बाकी सर्व ४० जणांची अनामत जप्त झाली, कारण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते अन्य कोणालाच मिळाली नाहीत. एका मतदान यंत्रावर १६ बटणे. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय धरून ४३ बटणे लागली, म्हणजे प्रत्येक मतदान केंद्रावर तीन यंत्रे जोडावी लागली. कायद्याने यादीत आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार येतात, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि शेवटी अपक्ष. दाटीवाटीच्या मतदान केंद्रात वयस्क मतदाराची नजर तिसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न मला पडत आला आहे. तरी तिसऱ्या यंत्रावरील शेवटच्या माणसाच्या नावासमोरील बटण आणि भावी पंतप्रधानांच्या नावासमोरील बटण एकाच आकाराचे होते. या समतेसाठी शासनाने तीन-तीन यंत्रे वाहून नेली, हा खर्च मला कधीच वायफळ वाटला नाही.

येथे कोणी म्हणेल की ही समता नव्हे, हा गोंधळ आहे. त्या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण मराठी माणसाच्या घरचेच आहे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांनी आणि मराठी भाषकांनी घाऊक अर्ज भरले होते. त्याच वर्षी आंध्रातील नलगोंडा येथे पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडच्या प्रश्नावर ४८० उमेदवार उभे राहिले आणि तमिळनाडूतील मोडाकुरिची या विधानसभा मतदारसंघात १,०३३. मतपत्रिकेची अक्षरशः पुस्तिका करावी लागली. देशभरात ५४३ जागांसाठी १३,९५२ उमेदवार होते. त्यांत अपक्ष १०,६३५ आणि निवडून आले ९.

बेळगावच्या त्या अर्जांकडे मी निवडणूक यंत्रणेचा खोळंबा म्हणून पाहू शकतो आणि ज्यांचे म्हणणे कोणत्याही सभागृहात ऐकले जात नाही अशा लोकांचे निवेदन म्हणूनही पाहू शकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शासनाने पहिल्या बाजूने विचार केला. १९९६ मध्येच कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० केली गेली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरेसा, पण अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला त्याच मतदारसंघातील दहा सूचक हवेत अशी अट आली. १९९८ मध्ये उमेदवारांची संख्या ४,७५० वर उतरली. २०१० पासून अनामत २५,००० रुपये झाली. तरीही ज्यांना काही सांगायचेच आहे ते अडले नाहीत. २०१९ मध्ये तेलंगणातील निजामाबादेत हळदीच्या भावासाठी शेतकऱ्यांनी अर्ज भरले आणि १८५ उमेदवारांसाठी प्रत्येक केंद्रावर बारा यंत्रे जोडावी लागली.

दार अरुंद करण्याचा हा इतिहास राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत अधिक स्पष्ट दिसतो. १९५२ मध्ये राजेंद्रप्रसाद यांच्याविरुद्ध चार जण उभे होते. प्रा. के. टी. शहा यांना ९२,८२७ मते पडली आणि लक्ष्मण गणेश थत्ते या मराठी नावाच्या उमेदवाराला २,६७२. १९६७ मध्ये उमेदवार १७ झाले आणि त्यांतील नऊ जणांना एकही मत मिळाले नाही. या प्रकाराला आळा घालण्यासाठी १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत अशी अट घातली गेली. १९९७ मध्ये ती पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि १५,००० रुपये झाली. हे सूचक-अनुमोदक खासदार किंवा आमदारच असावे लागतात. परिणाम असा, की १९९७ पासून २०२२ पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रपती निवडणुकीत बरोबर दोनच उमेदवार होते. अमेरिकेला आपण ज्या दोनपणाबद्दल नावे ठेवतो तो आपल्या सर्वोच्च पदाच्या निवडणुकीत आपणच आणला आहे.

या दोन टप्प्यांच्या अलीकडे-पलीकडे आमच्या प्रशासकीय सेवेतील दोन नावे येतात. दुसरे नाव टी. एन. शेषन यांचे. निवडणुकीला शिस्त लावणारा हा अधिकारी १९९७ मध्ये शिवसेनेच्या पाठिंब्याने के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि ५०,६३१ मतांवर थांबला. पहिले नाव अधिक महत्त्वाचे आहे, कारण ते खऱ्या अर्थाने तिसरे उमेदवार होते. चिंतामणराव देशमुख हे आय. सी. एस. अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर केंद्रीय अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडणारा माणूस. १९६९ मध्ये झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर निवडणूक झाली तेव्हा काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, अपक्ष व्ही. व्ही. गिरी यांच्यामागे इंदिरा गांधी होत्या आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी देशमुखांना उभे केले होते. पहिल्या पसंतीची मते अशी : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयासाठी हवी होती ४,१८,१६९. कोणालाच कोटा गाठता आला नाही. मग देशमुख आणि अन्य बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजल्या गेल्या. बहुतेक रेड्डी यांच्याकडे गेल्या, पण पुरेशा नव्हत्या. गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा शेवट झाला.

येथे थांबून फ्लोरिडाशी तुलना करावी. देशमुखांना मत देणाऱ्याचे मत वाया गेले नाही. त्याने आपली पहिली निवड मोकळेपणी सांगितली आणि अंतिम निर्णयातही भाग घेतला. नेडर यांच्या ९७ हजार मतदारांना ही सोय नव्हती आणि वाराणसीच्या मतदारालाही ती नाही. देशमुखांना कोणी ‘मते खाणारा’ म्हटले नाही ते त्यांच्या प्रतिष्ठेमुळे नव्हे. मतमोजणीच्या पद्धतीतच त्या शब्दाला जागा नव्हती. माणसाला दोष देण्यापूर्वी पद्धत तपासावी, हा प्रशासनातला पहिला धडा येथेही लागू पडतो.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे नाकारलेल्या अर्जाकडे येतो. २०१९ मध्ये वाराणसीत तेजबहादूर यादव यांनी अर्ज भरला. सीमा सुरक्षा दलातील जवानांच्या जेवणाबद्दल चित्रफीत प्रसारित केल्यानंतर २०१७ मध्ये त्यांना सेवेतून काढून टाकण्यात आले होते. आधी अपक्ष आणि नंतर समाजवादी पक्षातर्फे त्यांनी अर्ज दिले. पाच वर्षांच्या आत बडतर्फ झालेल्या सरकारी नोकराला, बडतर्फी भ्रष्टाचार किंवा राजद्रोही वर्तनासाठी नव्हती, असे निवडणूक आयोगाचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावे लागते. ते नव्हते. आदल्या संध्याकाळी नोटीस देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत प्रमाणपत्र आणण्यास सांगण्यात आले आणि १ मे २०१९ रोजी अर्ज नामंजूर झाला. कायद्याचे कलम स्पष्ट आहे आणि प्रमाणपत्र अर्जासोबतच हवे होते, हे मान्य केलेच पाहिजे. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. त्यांनी निवडणूक याचिका केली, ती अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेटाळली आणि २४ नोव्हेंबर २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने तो निर्णय कायम केला. कारण, याचिका त्या निवडणुकीतील उमेदवाराला किंवा त्या मतदारसंघाच्या मतदाराला करता येते. यादव हरियाणाचे मतदार आणि अर्ज रीतसर नसल्याने उमेदवारही नाहीत. म्हणजे परगावचा माणूस काशीतून उभा राहू शकतो, पण त्याचा अर्ज नाकारला गेला तर त्या निर्णयाविरुद्ध दाद मागताना त्याचे परगावचे असणे त्याला आडवे येऊ शकते.

२०२४ मध्ये वाराणसीतून चाळीसच्या आसपास लोकांनी अर्ज भरले. छाननीत त्यांतील तीसहून अधिक बाद झाले आणि शेवटी रिंगणात सातच राहिले. बाद झालेल्यांत राजस्थानचे विनोदी कलाकार श्याम रंगीला होते. त्यांनी उमेदवाराची शपथ घेतलेली नाही, हे कारण देण्यात आले. शपथ छाननीच्या तारखेपूर्वी घेतली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच सांगितले आहे. मतदानाचा निकाल असा : मोदी ६,१२,९७०, अजय राय ४,६०,४५७. हेच अजय राय २००९, २०१४ आणि २०१९ अशा तीन निवडणुकांत याच मतदारसंघात तिसरे आले होते. चौथ्या खेपेला ते दुसरे आले आणि अंतर दीड लाखावर आले. तिसरा क्रमांक हा कायमचा पत्ता नसतो.

प्रत्येक नामंजूर अर्जामागे एखादे कलम दाखवता येते, हे मी अनुभवाने सांगतो. पण कायद्याने त्याच टेबलावर दुसरेही कलम ठेवले आहे. ज्या त्रुटीचे स्वरूप मूलभूत नाही, तिच्यासाठी अर्ज नाकारू नये, असे कलम ३६ म्हणते. कलम १०० तर अधिक कडक आहे : एक जरी अर्ज चुकीने नाकारला गेल्याचे सिद्ध झाले तर संपूर्ण निवडणूक रद्द होते, निकालावर परिणाम झाला की नाही हे पाहायचेच नाही. अर्ज चुकीने स्वीकारला गेला असेल तर मात्र परिणाम सिद्ध करावा लागतो. यातून कायदेकर्त्यांचा कल कोणीकडे होता ते दिसते. शंका असेल तर अर्ज राहू द्यावा, हा धडा नवख्या अधिकाऱ्याने या दोन कलमांतूनच घ्यायचा असतो. अडचण अशी की हे संरक्षण निवडणुकीनंतरचे आहे. नमक्कल येथील पोन्नुस्वामी यांच्या प्रकरणात १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवडणूक चालू असताना न्यायालयांनी मध्ये पडू नये; अर्ज नाकारल्याची तक्रारदेखील नंतरच्या याचिकेतच करावी. निवडणुका वेळेवर पार पडाव्यात म्हणून हे आवश्यक होते. पण राजनारायण यांच्या याचिकेला चार वर्षे लागली, हे विसरून चालणार नाही. पक्षाच्या उमेदवारामागे वकील असतो, पर्यायी उमेदवार असतो, चार संच अर्ज असतात. अपक्षाजवळ एक पिशवी असते आणि तिच्यात कागद. त्याच्यापुरती छाननीची ती दहा मिनिटेच निवडणूक असते.

अशा माणसाने उभे राहून काय साधते, असे विचारणाऱ्यांसाठी काशीहून सुमारे शंभर किलोमीटरवरील आझमगडचे एक उदाहरण देतो. लालबिहारी नावाच्या तरुणाला १९७६ मध्ये महसुली नोंदीत मृत दाखवण्यात आले आणि त्याची जमीन नातेवाइकांच्या नावे चढली. आपल्या तलाठ्याला तिकडे लेखपाल म्हणतात. त्याच्या दप्तरातील एक फेरफार माणसाला मारण्यास पुरेसा झाला. लालबिहारींनी नावापुढे ‘मृतक’ लावले, आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला आणि निवडणुका लढवल्या : १९८८ मध्ये अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत विश्वनाथ प्रताप सिंहांविरुद्ध, १९८९ मध्ये अमेठीत राजीव गांधींविरुद्ध. हेतू जिंकण्याचा नव्हता. एका सरकारी कचेरीने मृत ठरवलेल्या माणसाला दुसऱ्या सरकारी कचेरीने उमेदवार म्हणून यादीत घेतले, हा जिवंतपणाचा पुरावा होता. १९९४ मध्ये ते महसुली नोंदीत पुन्हा जिवंत झाले. तो अर्ज एखाद्या अधिकाऱ्याने ‘हा फालतू उमेदवार’ म्हणून किरकोळ त्रुटीवर फेकून दिला असता तर? फालतू कोण आणि गरजू कोण, हे अर्जाच्या कागदावरून ओळखू येत नाही. म्हणून ते ओळखण्याचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्याला दिलेलाच नाही.

यातून काही सुधारणा सुचतात.

एक, अर्ज स्वीकारतानाच त्रुटींची यादी उमेदवाराला लेखी देण्याची पद्धत आयोगाने घातलेली आहे. तिच्या जोडीला शपथही त्याच वेळी, त्याच टेबलावर देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर असावे. शपथ राहून गेली, हे कारण मग उरणारच नाही.

दोन, छाननी आणि माघार यांच्यात सध्या दोन दिवस मिळतात. ते चार करावेत आणि या काळात नामंजुरीविरुद्ध जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे एकच अपील द्यावे. निवडणुकीचे वेळापत्रक बिघडणार नाही आणि वर्षानुवर्षांची याचिका टळेल.

तीन, ज्याचा अर्ज नाकारला गेला त्याला निदान त्या एका प्रश्नापुरते ‘उमेदवार’ मानून याचिकेचा अधिकार असावा, तो कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असो.

चार, अनामत आता वाढवू नये. तिने पैसेवाला हौशी माणूस अडत नाही, गरीब तक्रारदार अडतो. ज्याला पैसे भरणे शक्य नाही त्याला मतदारसंघातील काही शे मतदारांच्या सह्यांचा पर्याय द्यावा. अमेरिकेच्या पद्धतीतून घेण्यासारखे एवढेच आहे आणि तेही सर्वत्र एकच नियम ठेवून.

मतमोजणीची पद्धत बदलून पसंतीक्रम आणावा का, हा मोठा विषय आहे. त्याला घटनात्मक आणि राजकीय सहमती लागेल. वरील चार गोष्टींना मात्र तेवढे काही लागत नाही. परदेशातील माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : होय, आपला कायदा अमेरिकेपेक्षा अधिक खुला आहे. तिकडे दार प्रतिस्पर्ध्यांच्या हाती आहे. इकडे ते एका सरकारी अधिकाऱ्याच्या हाती आहे. म्हणूनच त्या अधिकाऱ्याची जबाबदारी जास्त. पंतप्रधानपदाच्या उमेदवाराचा अर्ज तो उभा राहून स्वीकारतो, त्यात वावगे काही नाही. पण रांगेतील शेवटचा माणूस दुपारी तीनला पाच मिनिटे उरली असताना दहा सूचकांच्या सह्या घेऊन आत येतो, तेव्हा तो अधिकारी कोणते कलम आधी उघडतो, छत्तिसावे की नामंजुरीचे, यावर आपली निवडणूक खुली आहे की नाही हे ठरते.